घरच्या मेल सर्व्हरला होस्टनेम नेमकं काय द्यावं? हेलो आणि रिव्हर्स डीएनएसचा मेळ बसत नाहीये

मावळवाट

नमस्कार मंडळी. घरातल्या पाच जणांच्या मेलसाठी एका छोट्या पीसीवर डेबियन १२ (लिनक्स) आणि पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम) बसवलंय. ब्रॉडबँडवर स्थिर आयपी घेतलाय. खरं डोमेन आणि आयपी इथे देत नाही, त्यांच्या जागी एक्झाम्पल.कॉम आणि २०३.०.११३.२५ धरा. राउटरच्या आत मशीन १९२.१६८.१.१० वर आहे.

डेबियन टाकताना होस्टनेमच्या रकान्यात 'कोठार' दिलं आणि डोमेनचा रकाना रिकामा सोडला. आता 'होस्टनेम -एफ' चालवलं की नुसतं 'कोठार' येतं. बाहेर जाणाऱ्या मेलपैकी काही रांगेत अडकून पडतात. लॉगमध्ये हे दिसतं (हेलो म्हणजे जोडताना सर्व्हर समोरच्याला आपलं नाव सांगतो ते):

४५० ४.७.१ <कोठार.लोकलडोमेन>: हेलो कमांड रिजेक्टेड: होस्ट नॉट फाउंड

जीमेलकडे गेलेलं पत्र तर ५५०-५.७.२५ देऊन थेट परत येतं.

होस्टनेम नुसतं एक्झाम्पल.कॉम ठेवू की मेल.एक्झाम्पल.कॉम? /ईटीसी/होस्टनेम, /ईटीसी/होस्ट्स, /ईटीसी/मेलनेम आणि मेन.सीएफ (पोस्टफिक्सची सेटिंग फाइल) अशा चार ठिकाणी नाव लिहिलेलं दिसतं, यातलं पोस्टफिक्स कुठलं वाचतं? आणि 'डिग -एक्स' (आयपीवरून नाव विचारणारी आज्ञा) केल्यावर इंटरनेट कंपनीने ठेवलेलं '२०३-०-११३-२५.स्टॅटिक' असं सुरू होणारं लांबलचक नाव येतं. मशीनला तेच नाव देऊन टाकलं तर भागेल का?

---

पोस्टमन_डेबियन

तुमच्याकडे दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ४५० ही नावाची आहे, ती तुमच्या मशीनवरच सुटेल. ५५०-५.७.२५ ही रिव्हर्स डीएनएसची, म्हणजे आयपीवरून नाव शोधण्याची आहे आणि तिच्यासाठी आयपी ज्याच्या मालकीचा त्याच्याकडे जावं लागेल. मी पहिलीबद्दल लिहितो. (फोरमवर सगळं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थात रोमन अक्षरंच टाका.)

मशीनचं नाव 'कोठार' आहे ते तसंच राहू द्या. मशीनचं नाव आणि मेल सेवेचं नाव वेगळं ठेवलेलं केव्हाही बरं. उद्या हा पीसी बदलून दुसरा आणलात तर त्याचं नाव वेगळं असेल, पण मेल.एक्झाम्पल.कॉम हे नाव डीएनएसमध्ये, सर्टिफिकेटात आणि घरातल्या प्रत्येक फोनमध्ये बसलेलं असेल. ते हलवायची वेळ येऊ नये.

आधी /ईटीसी/होस्ट्स. डेबियनने तिथे १२७.०.१.१ ची ओळ टाकलेली असते. आतला आयपी कायमचा असेल तर त्या ओळीऐवजी ही लिहा:

१९२.१६८.१.१० कोठार.एक्झाम्पल.कॉम कोठार

क्रम महत्त्वाचा. 'होस्टनेम -एफ' या ओळीतलं पहिलं नाव उचलतं. 'कोठार' आधी आणि पूर्ण नाव नंतर लिहिलंत तर पुन्हा नुसतं 'कोठार'च येईल आणि गडबड कुठे आहे ते लवकर लक्षात येणार नाही. १२७.०.०.१ च्या ओळीत मात्र फक्त लोकलहोस्ट ठेवा. तिथे पूर्ण नाव घुसडलं की नावावरून पोर्ट उघडणारे प्रोग्रॅम लूपबॅकवरच (मशीनच्या आतल्या पत्त्यावरच) ऐकत बसतात आणि बाहेरून कनेक्शन लागत नाही.

/ईटीसी/होस्टनेममध्ये फक्त 'कोठार' असू द्या, डेबियनची पद्धत तीच आहे. पुढे कधी नाव बदलायचं ठरलंच तर 'सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम नवंनाव' चालवा आणि होस्ट्समधली ओळही लगेच बदला. नाहीतर प्रत्येक सुडोला 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' ऐकावं लागतं. आरसिसलॉग वापरत असाल तर तेही रीस्टार्ट करा, एरवी लॉगमध्ये जुनंच नाव छापलं जातं.

आता मेन.सीएफ. मायहोस्टनेम दिलेलं नसेल तर पोस्टफिक्स मशीनचं नाव घेतं, त्यात टिंब नसेल तर पुढे मायडोमेन जोडतं, आणि मायडोमेनही माहीत नसेल तर 'लोकलडोमेन'. तुमचं 'कोठार.लोकलडोमेन' असंच तयार झालंय. जगात कुणाच्याही डीएनएसमध्ये ते नाव नाही, म्हणून समोरचा होस्ट नॉट फाउंड म्हणतो. नाव उघड लिहून टाका:

मायहोस्टनेम = मेल.एक्झाम्पल.कॉम
मायडोमेन = एक्झाम्पल.कॉम
मायओरिजिन = /ईटीसी/मेलनेम
मायडेस्टिनेशन = $मायहोस्टनेम, $मायडोमेन, कोठार.एक्झाम्पल.कॉम, कोठार, लोकलहोस्ट

/ईटीसी/मेलनेममध्ये एकच ओळ: एक्झाम्पल.कॉम. ज्या पत्त्याला @ नंतर काही नसतं, म्हणजे क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची) पत्रं वगैरे, त्याला हे चिकटतं. हेलोमध्ये पोस्टफिक्स एसएमटीपी_हेलो_नेम सांगतं आणि त्याची मूळ किंमत $मायहोस्टनेम असते, त्यामुळे ते वेगळं लिहायची गरज नाही.

नुसतं एक्झाम्पल.कॉम का देऊ नये? मायडोमेन लिहिलेलं नसेल तर पोस्टफिक्स मायहोस्टनेममधला पहिला तुकडा काढून उरलेल्याला डोमेन मानतं. एक्झाम्पल.कॉममधून एक्झाम्पल काढलं की उरतं 'कॉम'. त्यात कुठे मायओरिजिन = $मायडोमेन लिहिलेलं असेल तर क्रॉनची पत्रं रूट@कॉम या पत्त्यावरून निघतात. शिवाय उद्या वेबसाइट दुसरीकडे ठेवलीत तर एक्झाम्पल.कॉमचा ए रेकॉर्ड (नावाचा आयपी सांगणारी डीएनएस नोंद) तिकडे जाईल आणि मेल सर्व्हरचं नाव एकाएकी परक्या आयपीकडे बोट दाखवू लागेल.

मायडेस्टिनेशनमध्ये $मायडोमेन आहे का ते पुन्हा पाहा. एमएक्स (डोमेनची मेल कुठे न्यायची ते सांगणारी डीएनएस नोंद) तुमच्याकडे वळवलाय आणि डोमेन या यादीत नाही, असं झालं की बाहेरून येणारं पत्र एकतर रिले ॲक्सेस डिनाइड होऊन परततं किंवा घरातून घरात पाठवलेलं पत्र 'मेल फॉर एक्झाम्पल.कॉम लूप्स बॅक टू मायसेल्फ' म्हणत उसळतं. पाच माणसं असतील तर प्रत्येकाचं लिनक्स खातं उघडणं पुरेसं आहे. पुढे व्हर्च्युअल मेलबॉक्सकडे (लिनक्स खात्याशिवायच्या मेलबॉक्सकडे) गेलात तर $मायडोमेन इथून काढा, दोन्हीकडे एकच डोमेन लिहिलेलं पोस्टफिक्सला चालत नाही आणि लॉगमध्ये ते तसा इशारा देतं.

बदल केल्यावर 'पोस्टफिक्स रीलोड', मग 'पोस्टकॉन्फ मायहोस्टनेम मायडोमेन मायओरिजिन एसएमटीपी_हेलो_नेम' चालवून प्रत्यक्ष किमती बघा. रांगेतल्या पत्रांना 'पोस्टक्यू -एफ' ने ढकला. हेलो पाठवतानाच्या वेळचं जातं, त्यामुळे जुनी पत्रंही नव्या नावाने निघतील. मात्र ज्या पत्रांचा प्रेषकच रूट@कोठार.लोकलडोमेन असा नोंदला गेलाय ती तशीच राहतात. ती 'पोस्टसुपर -डी' ने काढून टाका, पाच दिवस उगाच फेऱ्या मारतील.

---

उलटापत्ता

दुसऱ्या तक्रारीबद्दल. ५.७.२५ चा अर्थ पीटीआर (आयपीचं नाव सांगणारी डीएनएस नोंद) नाही, किंवा पीटीआरमध्ये जे नाव आहे ते उलट त्याच आयपीवर येत नाही. तुमच्याकडे पीटीआर आहे, म्हणजे दुसरी शक्यता. तपासा:

डिग +शॉर्ट -एक्स २०३.०.११३.२५
डिग +शॉर्ट ए (वरून आलेलं नाव)

दुसऱ्या ओळीला बहुधा काहीच उत्तर येणार नाही. कंपनीने स्थिर आयपींना ठोक नावं दिली आणि त्यांचे ए रेकॉर्ड केलेच नाहीत, असा प्रकार सर्रास दिसतो. म्हणून ते नाव मशीनला देऊन काही साधणार नाही. अन् ए रेकॉर्ड असता तरी मी नको म्हटलं असतं. नावातच आयपीचे आकडे दिसले की बरेच स्पॅम फिल्टर ते घरगुती कनेक्शन समजून गुण कापतात, आणि कंपनीने उद्या नावांची पद्धत बदलली तर तुम्हाला कळणारही नाही.

हवंय ते असं: २०३.०.११३.२५ चा पीटीआर मेल.एक्झाम्पल.कॉम, मेल.एक्झाम्पल.कॉमचा ए २०३.०.११३.२५, आणि हेलोमध्येही मेल.एक्झाम्पल.कॉम. आरएफसी ५३२१ (मेल पाठवण्याचे प्रमाण नियम) नुसार केवळ हेलोतलं नाव आयपीशी जुळत नाही एवढ्यावरून पत्र नाकारायचं नसतं, पण पीटीआर आणि ए जुळणं मोठे सर्व्हर सक्तीचं धरतात. तिन्ही एक ठेवले की वादच उरत नाही.

पीटीआर तुमच्या डोमेनच्या डीएनएस पॅनेलमध्ये टाकून उपयोग नाही. तिथे टाइप म्हणून पीटीआर निवडता येतो, सेव्हही होतो, आणि कुणी तो विचारतच नाही. उलट दिशेची झोन आयपीच्या मालकाकडे असते. कंपनीला लेखी कळवा: 'या स्थिर आयपीचा रिव्हर्स डीएनएस मेल.एक्झाम्पल.कॉम करून हवा आहे.' ए रेकॉर्ड आधीच करून ठेवा, काही ठिकाणी तो पाहिल्याशिवाय पीटीआर बदलत नाहीत.

एमएक्समध्येही मेल.एक्झाम्पल.कॉम लिहा, आणि ते सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) नसून थेट ए असायला हवं. एमएक्सने सीनेमकडे बोट दाखवणं आरएफसी २१८१ ला मान्य नाही.

एसपीएफ (या नावाची मेल कुठल्या सर्व्हरवरून निघू शकते ते सांगणारी डीएनएस नोंद) बहुतेक जण फक्त डोमेनचा टाकतात. होस्टनेमचाही टाका. पत्र पोचलं नाही म्हणून तुमचा सर्व्हर जी सूचना धाडतो तिचा प्रेषक रिकामा असतो, तेव्हा समोरचा एसपीएफ हेलोतल्या नावावर तपासतो. म्हणून डीएनएसमध्ये दोन टीएक्सटी नोंदी:

एक्झाम्पल.कॉम: व्ही=एसपीएफ१ एमएक्स -ऑल
मेल.एक्झाम्पल.कॉम: व्ही=एसपीएफ१ ए -ऑल

आयपीव्ही६ बघायला विसरू नका. राउटरने मशीनला आयपीव्ही६ पत्ता दिला असेल तर पोस्टफिक्स जीमेलकडे त्याच वाटेने जाऊ शकतं, आणि त्या पत्त्याला पीटीआर नसणार. वर सगळं नीट करूनही पुन्हा तोच नकार येतो, कारण तपासणी भलत्याच पत्त्याची झालेली असते. मेन.सीएफमध्ये 'इनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४' करा. याला रीलोड पुरत नाही, पोस्टफिक्स थांबवून पुन्हा सुरू करा.

पडताळा घ्यायचा तर जीमेलवर पोचलेलं एखादं पत्र उघडून 'शो ओरिजिनल' करा. तिथली रिसीव्ह्डची ओळ अशी असायला हवी:

रिसीव्ह्ड: फ्रॉम मेल.एक्झाम्पल.कॉम (मेल.एक्झाम्पल.कॉम. [२०३.०.११३.२५])

कंसाबाहेरचं नाव तुमच्या हेलोतलं, कंसातलं पीटीआरमधून आलेलं. कंसात नावाऐवजी नुसता आयपी दिसला तर पीटीआरचं काम अजून झालेलं नाही.

---

मावळवाट

दोघांचेही आभार. नावाचं काम झालं. 'होस्टनेम -एफ' कोठार.एक्झाम्पल.कॉम देतं, हेलोत मेल.एक्झाम्पल.कॉम जातं, ४५० बंद झालं. डिगच्या दुसऱ्या ओळीला खरंच काही उत्तर नाही.

पण कंपनी म्हणते रिव्हर्स डीएनएस फक्त बिझनेस प्लॅनवर बदलून मिळेल, आणि त्याचं महिन्याचं भाडं झेपणारं नाही. येणारी मेल व्यवस्थित येतेय. आता बाहेर जाणाऱ्यांचं काय करावं?

---

तारायंत्र

येणारी घरी घ्या, जाणारी रिलेमार्फत (तुमची मेल पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरमार्फत) पाठवा. घरच्या कनेक्शनवर हाच रस्ता टिकतो, पीटीआर मिळाला असता तरी. घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत असतात आणि पुष्कळ सर्व्हर त्या यादीतल्या आयपीकडून थेट पत्र घेतच नाहीत.

एखाद्या रिले सेवेचं खातं घ्या आणि मेन.सीएफमध्ये:

रिलेहोस्ट = [रिलेचं-नाव]:५८७
एसएमटीपी_एसएएसएल_ऑथ_एनेबल = येस
एसएमटीपी_एसएएसएल_पासवर्ड_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/एसएएसएल_पासवर्ड
एसएमटीपी_एसएएसएल_सिक्युरिटी_ऑप्शन्स = नोॲनॉनिमस
एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल = एन्क्रिप्ट

चौकोनी कंस गाळू नका. कंस नसले तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधायला जातं. पासवर्डच्या फाइलमध्ये डाव्या बाजूला रिलेहोस्ट जसा लिहिलाय तसाच, कंस आणि पोर्टसकट लिहायचा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पासवर्ड सापडत नाही आणि पोस्टफिक्स लॉगिन न करताच पत्र पुढे करतं. फाइलला ६०० परवानगी द्या आणि 'पोस्टमॅप' चालवा. 'नो वर्दी मेक्स फाउंड' असं आलं तर डेबियनवर लिबएसएएसएल२-मॉड्यूल्स हे पॅकेज राहिलंय.

आता नावाचा मुद्दा. रिले लावल्यावर बाहेरच्या जगाला हेलो रिले सांगतो, पीटीआरही त्याचाच तपासला जातो. तुमचं होस्टनेम फक्त रिसीव्ह्डच्या एका ओळीत उरतं. महत्त्व येतं ते प्रेषकाच्या पत्त्याला. रूट@कोठार.एक्झाम्पल.कॉम अशा पत्त्यावरून काही निघालं तर रिले ते नाकारतो, कारण तुम्ही त्याच्याकडे एक्झाम्पल.कॉमच नोंदवलेलं असतं. अशांसाठी एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स आहे: डावीकडे @कोठार.एक्झाम्पल.कॉम, उजवीकडे एखादा खरा पत्ता.

एसपीएफमध्ये रिले सेवा सांगेल तो इन्क्लूड '-ऑल' च्या आधी जोडा. डीकेआयएमची (पत्रावरच्या डिजिटल सहीची) चावी डोमेनच्या नावाने हवी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने व्यक्तिगत खात्यांकडे येणाऱ्या मेलसाठी प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलंय. दिवसाला ५००० च्या पुढे पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीएमएआरसी (तपासणीत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं ते सांगणारी नोंद). तुम्ही त्या आकड्याच्या जवळपासही नाही, पण तिन्ही लावून मोकळे व्हा.

रिले सेवेऐवजी भाड्याचा छोटा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) घेऊन वायरगार्डने (व्हीपीएनने) घरच्या मशीनला जोडायचा विचार असेल तर घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: पीटीआर बदलता येतो का, आणि बाहेर जाणारं पोर्ट २५ उघडं आहे का. गूगल क्लाउड ते सहसा बंदच ठेवतं, एडब्ल्यूएसवर अर्ज करून उघडून घ्यावं लागतं. व्हीपीएसवर क्लाउड-इनिट (सुरू होताना मशीनची मांडणी करणारा प्रोग्रॅम) असेल तर रीबूटनंतर होस्टनेम पूर्वपदावर येतं, त्याच्या कॉन्फिगमध्ये 'प्रिझर्व्ह_होस्टनेम: ट्रू' करा. आणि व्हीपीएस व घरचं मशीन दोघांनाही मेल.एक्झाम्पल.कॉम हे एकच मायहोस्टनेम देऊ नका. पोर्ट २५ वर जोडल्यावर समोरून आपलंच नाव ऐकू आलं की पोस्टफिक्स फेरा समजून पत्र परत करतं. व्हीपीएस एमएक्स१.एक्झाम्पल.कॉम आणि घरचं मेल.एक्झाम्पल.कॉम असं करा. पीटीआर मग व्हीपीएसच्या नावाशी जुळवायचा.

---

शिंपला

याच धाग्यात एक विचारते. माझ्याकडे .भारत मधलं मराठी डोमेन आहे. होस्टनेम देवनागरीत ठेवता येईल का?

---

उलटापत्ता

होस्टनेममध्ये रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच चालतं. अधोरेघही नाही. देवनागरी डोमेनचं प्युनीकोड (रोमन अक्षरांत लिहिलेलं) रूप, म्हणजे 'एक्सएन' आणि दोन जोडरेघांनी सुरू होणारं, ते मायहोस्टनेम, एमएक्स, पीटीआर आणि सर्टिफिकेट या चारही ठिकाणी लिहा. 'आयडीएन२' या आज्ञेला मराठी नाव दिलं की ती ते रूप काढून देते. लांबी मोजून घ्या. देवनागरी नाव प्युनीकोडमध्ये बरंच फुगतं आणि लिनक्समध्ये होस्टनेमला ६४ अक्षरांची मर्यादा आहे. म्हणूनही मशीनचं नाव छोटं रोमन ठेवून मायहोस्टनेम वेगळं देणं सोयीचं.

पत्ता देवनागरीत हवा असेल तर तो एसएमटीपीयूटीएफ८ चा (रोमनेतर पत्ते चालवणाऱ्या मेल सुविधेचा) विषय आहे, पोस्टफिक्समध्ये आवृत्ती ३.० पासून आहे. समोरच्या सर्व्हरला ते येत नसेल तर पत्र परत येतं, त्यामुळे प्रत्येक मराठी पत्त्याला जोडीचा एक रोमन पत्ता ठेवाच.

---

पोस्टमन_डेबियन

@मावळवाट, आता फोन जोडायला घेतलेत की आणखी दोन ठिकाणी नाव आडवं येईल.

सर्टिफिकेट मेल.एक्झाम्पल.कॉमचं काढा, कोठारचं नाही. मेल ॲपमध्ये सर्व्हर म्हणून जे नाव टाइप कराल तेच सर्टिफिकेटात लागतं. लेट्स एन्क्रिप्टसाठी पोर्ट ८० उघडायचं नसेल तर डीएनएस-०१ पद्धत (डीएनएस नोंद टाकून डोमेन आपलं असल्याचं दाखवायचं) वापरा. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते आपोआप नवं करतो, पण पोस्टफिक्स आणि डव्हकॉटला (फोनला मेल देणाऱ्या प्रोग्रॅमला) रीलोड कुणी सांगितलं नाही तर जुनंच दाखवत राहू शकतात. त्यासाठी /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/रिन्यूअल-हुक्स/डिप्लॉय मध्ये दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा.

दुसरं, घरातल्या वायफायवर मेल.एक्झाम्पल.कॉम हे नाव २०३.०.११३.२५ ला जातं, आणि पुष्कळ राउटर आतून आपल्याच बाहेरच्या आयपीवर जोडू देत नाहीत. मग मोबाइल डेटावर मेल येते आणि घरी आल्यावर बंद पडते. राउटरमध्ये डीएनएसमास्क (घरातल्यांना नावांचे आयपी सांगणारा प्रोग्रॅम) असेल तर ही ओळ टाका:

ॲड्रेस=/मेल.एक्झाम्पल.कॉम/१९२.१६८.१.१०

एवढं करूनही एखाद्याच अँड्रॉइड फोनवर मेल येत नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' पाहा. तिथे कुणा बाहेरच्या सेवेचं नाव घातलेलं असेल तर तो फोन तुमच्या राउटरला विचारतच नाही. ते 'ऑटोमॅटिक' करा.